व्हॅलेटातला उन्हाळा आणि फेस्टा: आई-बाबांना ऑगस्टमध्ये बोलवू की नको?

मिऱ्याची_लेक
नमस्कार मंडळी. मी गेली तीन वर्षं माल्टात आहे. नोकरी स्लीमात, घरही तिथेच. खाडीपलीकडे समोर राजधानी व्हॅलेटा दिसतं. आई-बाबा रत्नागिरीला असतात. दोघंही पहिल्यांदाच देशाबाहेर पडणार आहेत. २८ जुलै ते २० ऑगस्ट असा बेत मी आखलाय, आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत.

भाऊ म्हणतो, ऑगस्टमध्ये कशाला त्यांना भाजून काढतेस? ऑक्टोबरात बोलव, हवा चांगली असते. त्याचं म्हणणं खोटं नाही. इथला जुलै-ऑगस्ट म्हणजे पावसाचा थेंब नाही, पिवळ्या दगडाच्या भिंती रात्री दहा वाजताही हाताला गरम लागतात. त्यात तो दक्षिण-पूर्वेचा दमट वारा. (त्याचं माल्टीज नाव आहे 'श्लोक'. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, मग ऐकायलाच हवा.)

पण मला त्यांना फेस्टा दाखवायचाय, म्हणजे चर्चच्या संताचा सण: मूर्तीची मिरवणूक, बँड, फटाके. गेल्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला व्हॅलेटात सेंट डॉमिनिकचा फेस्टा होता. ऑफिसातली एक मैत्रीण मला मर्चंट्स स्ट्रीटच्या खालच्या टोकाला, तिच्या आजीच्या घरी घेऊन गेली. लाकडी सज्जातून आजी कागदाचे कपटे भरलेली पिशवी घेऊन खाली वाकून बघत होत्या. मूर्ती कोपऱ्यावर वळली आणि त्यांनी पिशवी उलटी केली. रस्ता दिसेनासा झाला, सगळं पांढरं. खाली बँड वाजतोय, घंटा चालूच आहेत, आणि खांद्यावर मूर्ती घेतलेली माणसं एका लयीत डुलत येताहेत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मला आमच्या शिमग्याची पालखी दिसली.

बाबा तरुणपणी ढोल वाजवायचे, पालखी नाचवायचे. त्यांना हे दाखवलंच पाहिजे असं मनापासून वाटतं. अडचणी दोन: बाबांचे गुडघे आणि आईचा फटाक्यांचा तिटकारा. (तिला बीपी आहे, दिवाळीतही ती दारं लावून बसते.) तुमच्यापैकी कुणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन हे केलंय का? काय बघावं, काय टाळावं?

निवांत_नीता
ऑक्टोबर. पूर्णविराम.

दर्यावर्दी६२
मी बोटीवर ३० वर्षं काढली. ग्रँड हार्बरमध्ये किती वेळा आलो त्याची गणती नाही. पहाटे बंदरात शिरताना दोन्ही बाजूंनी किल्ल्यांच्या भिंती वर वर चढत जातात, तसं दुसरं बंदर मी पाहिलेलं नाही.

लेकी, १५ ऑगस्ट चुकवू नकोस एवढं सांगतो. आपला स्वातंत्र्यदिन तर आहेच, पण माल्टात तो सान्त मारियाचा दिवस, म्हणजे मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, बेटाला वेढा पडला होता, खायला अन्न नाही, विमानांना तेल नाही. १४ मालवाहू जहाजांचा ताफा निघाला, त्यातली ५ पोचली. शेवटचं 'ओहायो' नावाचं तेलवाहू जहाज. ते इतकं फुटलं होतं की दोन युद्धनौकांच्या मध्ये बांधून, जवळजवळ पाण्याला टेकलेल्या अवस्थेत ओढत आणलं. ते बंदरात शिरलं १५ ऑगस्टच्या सकाळी. व्हॅलेटाच्या तटावर माणसांची गर्दी लोटली होती. आजही तिथले लोक त्या ताफ्याला सान्त मारियाचा ताफा म्हणतात. बाबांना बंदरावरच्या अप्पर बराक्का बागेत उभं कर आणि हे सांग. दुपारी १२ ला आणि ४ ला तिथे तोफ उडते, तीही बघतील.

सदाशिव_पेठी
दर्यावर्दी काका, अंगावर काटा आला.
आईंना फटाक्यांचा तिटकारा आणि त्यांना तोफ दाखवायची? :)

दर्यावर्दी६२
तोफ ठरल्या वेळी उडते. माणूस तयार असला की आवाजाचा त्रास होत नाही. अवचित होतो तेव्हा त्रास.

हलकल्लोळ_नको
मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. आम्ही दोन वर्षं माल्टात होतो, दक्षिणेकडच्या एका गावात. घरात आठ महिन्यांचं बाळ आणि एक कुत्रा. फेस्टाच्या आठवड्यात सकाळी आठला पहिला बार. त्याला मुर्ताली म्हणतात. प्रकाश नाही, रंग नाही, नुसता छातीत बसणारा आवाज. मग दुपारी, मग संध्याकाळी. एका गावाचा संपला की शेजारच्या गावाचा सुरू. जून ते सप्टेंबर, जवळजवळ दर शनिवार-रविवार. आमचा कुत्रा न्हाणीघरात टबमागे जाऊन थरथरत बसायचा.

आणि ही फटाक्यांची दारू गावातली माणसंच, फावल्या वेळात, हौसेने बनवतात. त्या कारखान्यांत स्फोट होऊन माणसं गेलेली आहेत, एकदा नाही, अनेकदा. प्रत्येक बार ऐकताना मला तेच आठवायचं. तुमच्या आईंना बीपी आहे. कृपया नीट विचार करा.

वसईचा_आगुस्तीन
हलकल्लोळ_नको यांचं दुःख समजतं. पण मी दुसऱ्या बाजूने सांगतो. आम्ही वसईचे ख्रिस्ती, मराठी बोलणारे. आमच्या गावातही सण असतो, बँड असतो, मूर्ती निघते, घराघरात पाहुणे असतात. मी २०१९ ला माल्टाला गेलो तेव्हा फेस्टा बघून मला परकं काहीच वाटलं नाही. फक्त आमच्याकडे अंगणात नारळ-केळीची झाडं असतात आणि तिथे दगड.

एक गोष्ट लक्षात घ्या. तिथला बँड भाड्याने आणलेला नसतो. प्रत्येक गावाचे, पेठेचे बँड क्लब असतात, त्यांना काझीन म्हणतात. व्हॅलेटात रिपब्लिक स्ट्रीटवर दोन मोठे आहेत, किंग्ज ओन आणि ला व्हॅलेट. आत जा, कुणी अडवत नाही. खाली कॉफी-बिअर मिळते, भिंतीवर जुने फोटो, आणि वर्षभर पोरं तिथे वाजवायला शिकतात. फेस्टात जो क्लॅरिनेट वाजवतो तो कुणाचा तरी नातू असतो आणि आजोबा खाली टेबलावर बसून ऐकत असतात. तुमच्या बाबांना तिथे बसवा. त्यांना भाषा लागणार नाही.

आणि ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिवस. आमची बांद्र्याची मोतमावलीची जत्रा त्याच सणाच्या पाठोपाठच्या रविवारी सुरू होते. माल्टात ८ सप्टेंबरला विजयदिन असतो. १५६५ चा तुर्कांचा मोठा वेढा त्या दिवशी उठला. ग्रँड हार्बरमध्ये होड्यांच्या शर्यती लागतात. मावलीचा एकच दिवस, इथे मेणबत्त्या, तिथे वल्ही.

पणजीकर_बाय
आगुस्तीनबाब, देव बरें करूं! आमच्या गोव्यात फेस्ताला खाज्याची दुकानं लागतात ना, तशी माल्टात कुब्बाइतची लागतात. (लिहिताना 'क' दिसतो पण ते 'उब्बाइत'सारखं म्हणतात, पहिलं अक्षर गळ्यात गिळायचं.) रंगवलेला लाकडी गाडा, पितळी तराजू, आणि बदाम-मधाच्या पांढऱ्या नाहीतर कडक तपकिरी वड्या. कडक प्रकार खाताना मला लोणावळ्याची चिक्की आठवली. दात सांभाळा.

दुसरं, इमारेत. आत खजुराचं बडीशेपेचा वास असलेलं सारण, वरून तळलेलं. व्हॅलेटाच्या वेशीजवळच वास येतो. ऊन ऊन खायचं, गार झालं की मजा गेली.

शाकाहारी_शेवंता
पास्तित्सी शाकाहारी असतात का? आमची सहल आहे सप्टेंबरात.

मिऱ्याची_लेक
शेवंता, रिकोटा चीजची आणि वाटाण्याची अशी दोन मुख्य. सारण शाकाहारी. पण पारीत काही जण जुन्या पद्धतीने डुकराची चरबी घालतात, तेव्हा दुकानात विचारूनच घ्या. मी जिथून घेते तिथे मार्गरीन वापरतात. आईसाठी मी तेच ठरवलंय.

हलकल्लोळ_नको, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. खरंच धन्यवाद. म्हणून थेट विचारते: व्हॅलेटात मुर्तालींचा त्रास गावाइतकाच असतो का?

हलकल्लोळ_नको
व्हॅलेटात राहिले नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. बहुतेक दारूकाम गावाबाहेर शेतातून किंवा पाण्यावरून उडवतात, म्हणून दाट वस्तीत धक्का थोडा कमी जाणवतो असं मैत्रिणी म्हणायच्या. आईंना घेऊन जाणारच असाल तर मूर्ती निघते ती वेळ धरा आणि दारूकामाच्या वेळी लांब रहा. लांबून मला ते नेहमी सुंदर वाटलं आहे, हेही प्रामाणिकपणे सांगते.

इतिहास_वेल्हाळ
अवांतर, पण राहवत नाही. १८७८ साली रशियाला धाक दाखवायला ब्रिटिशांनी सुमारे ७,००० हिंदी सैनिक माल्टाला नेऊन ठेवले होते. त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. म्हणजे मिऱ्याची_लेक यांच्या आधी १४० हून अधिक वर्षं आपल्याकडची माणसं तिथल्या उन्हात उभी होती. व्हॅलेटात सिंधी व्यापाऱ्यांची दुकानंही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत.

आणि भाषा! माल्टीज ही अरबीतून निघालेली, पण रोमन लिपीत लिहितात आणि निम्मे शब्द इटालियन. त्यामुळे पुस्तकाला 'क्तिएब', जगाला 'दिन्या'. आपली किताब आणि दुनिया तिथे भेटतात.

मॉरिशसची_माई
नमस्कार. मी मॉरिशसहून लिहीत आहे. आमचे पणजोबा कोकणातून आले. तुमची चर्चा वाचून हसू आले, कारण आमच्याकडे उन्हाळा डिसेंबर ते मार्च असतो! आमची राजधानी पोर्ट लुई समुद्रावरच आहे, आणि डोंगरांच्या आडोशाला असल्यामुळे फार तापते. दुपारी कामावरून सुटलेली माणसे वर क्युरपीपच्या गारव्याला पळतात. पण सण आले की सगळी पुन्हा खाली उतरतात. चिनी नववर्षाला चायनाटाउनमध्ये लाल माळा लागतात, थैपूसमला तमिळ बांधव कावडी घेऊन अनवाणी चालतात, १२ मार्चला स्वातंत्र्यदिन. कावडी घेतलेल्यांच्या पायांवर शेजारची मुसलमान, चिनी, ख्रिस्ती कुणीही माणसे पाणी ओततात, कारण डांबर पेटलेले असते.

ताई, तुम्ही आई-बाबांना उन्हाळ्यातच बोलवा. सण हवा बघून येत नाही. फक्त दुपारी घरात ठेवा.

निवांत_नीता
माई, पायावर पाणी ओतण्याचं वाचून मी माझा 'ऑक्टोबर. पूर्णविराम' मागे घेते. अर्धविराम करते.

उत्तरध्रुव
मी डेन्मार्कमध्ये असतो. उन्हाची भीती असलेल्यांसाठी: फेरो बेटांची राजधानी टॉर्सहाव्हन, २८-२९ जुलैचा ओलाव्सोका. मी स्वेटर घालून गेलो होतो. २८ ला होड्यांच्या शर्यती, २९ ला संसद उघडते आणि मध्यरात्री हजारो माणसं चौकात उभी राहून एकत्र गातात. वाद्य नाही, नुसते आवाज. मग हातात हात धरून साखळीनाच. म्हातारी, पोरं, सगळी लोकरीच्या पोशाखात. मला शब्द कळत नव्हते, पण शेजारच्या काकूंनी छापील कागद अर्धा माझ्याकडे धरला आणि बोटाने ओळ दाखवत राहिल्या.

सदाशिव_पेठी
उत्तरध्रुव, जुलैत स्वेटर! नागपूरकरांनी हा प्रतिसाद वाचू नये.

ऑरेंज_सिटी
वाचला. तिकिटं बघतोय.

ट्रंकभर_प्रवास
मूळ प्रश्नाकडे येऊ. मी ७१ वर्षांच्या आईला घेऊन गेल्या जुलैत व्हॅलेटात पाच दिवस होते. अनुभवाने सांगते.

व्हॅलेटा नकाशावर इवलंसं दिसतं, पूर्ण शहर एक चौरस किलोमीटरही नाही. पण ते डोंगराच्या पाठीवर बसलंय. मधले लांब रस्ते त्यातल्या त्यात सपाट, आडवे रस्ते दोन्हीकडे समुद्राकडे कोसळतात आणि कित्येक तर नुसत्या पायऱ्या आहेत. मी पहिल्याच दिवशी नकाशा बघून 'जवळचा रस्ता' धरला आणि आईला शंभरावर पायऱ्या चढायला लावल्या. तिने काही म्हटलं नाही, वर पोचल्यावर भिंतीला टेकून बसली. मला आजही वाईट वाटतं. तेव्हा गुडघ्यांसाठी: बंदराच्या बाजूने येणार असाल तर बराक्का लिफ्ट घ्या. ती सरळ अप्पर बराक्का बागेत सोडते, ५८ मीटरची चढण वाचते. बसने आलात तर बस ट्रायटन कारंज्याजवळ थांबते, तिथून वेशीतून आत सपाट रस्ता.

वेळ: सकाळी १० पर्यंत फिरा, मग घरी पडदे ओढून झोप, ६ नंतर परत बाहेर. तिथले लोकही हेच करतात. सरकारी कचेऱ्यासुद्धा उन्हाळ्यात अर्धा दिवस चालतात.

देवळात जाताना, म्हणजे चर्चमध्ये, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईची साडी हा त्यावरचा सगळ्यात चांगला उपाय. दोन बायकांनी थांबून पदराचा काठ हातात घेऊन बघितला.

एक तक्रार: बंदरावर एका बोटवाल्याने 'शेवटची फेरी' म्हणून आमच्याकडून दुप्पट पैसे घेतले आणि मागे आणखी दोन बोटी निघाल्या. तिथल्या पारंपरिक रंगीत होडीला डायसा म्हणतात, बसा जरूर, पण आधी भाव विचारा. साधी फेरी बोट उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत असते.

चिपळूणचा_बाळ्या
मला एक कळत नाही. राजधानीत कशाला? खरा फेस्टा गावात. सान्त मारिया सात गावांत असतो, मोस्ता, मकाब्बा, क्रेंदी वगैरे. मकाब्बा-क्रेंदीचं दारूकाम बघून आलेला माझा चुलतभाऊ दोन दिवस दुसरं बोलत नव्हता. व्हॅलेटात सगळे टुरिस्ट आणि हॉटेलं.

मिऱ्याची_लेक
बाळ्या, यावर मी भांडणार.

व्हॅलेटात युद्धाआधी वीस हजारांहून अधिक माणसं राहायची. आता पाच-सहा हजारांच्या आसपास. बॉम्बहल्ल्यात घरं पडली, मग लोक मोठ्या घरांसाठी बाहेर गेले, आता जुन्या घरांची हॉटेलं झाली. हे सगळं खरं. पण फेस्टाच्या संध्याकाळी काय होतं माहितेय? बाहेर गेलेली माणसं परत येतात. माझ्या मैत्रिणीचे वडील, काका, आत्या, कुणीच आता व्हॅलेटात राहत नाही. त्या संध्याकाळी सगळे आजीच्या दोन खोल्यांत. काका मूर्तीच्या खांदेकऱ्यांत. वर्षभर ते विमा कंपनीत काम करतात. त्या दिवशी पांढरा झगा घालून आले तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांना ओळखलं नाही.

आपले चाकरमानी शिमग्याला एसटी भरून येतात, बंद घरांची कुलपं काढतात, चार दिवस अंगणात दिवे दिसतात, ते आणि हे मला एकच वाटतं. गावातलं घर भरलेलंच असतं. रिकाम्या झालेल्या ठिकाणी माणसं परत येतात तेव्हा त्याचं मोल मला जास्त वाटतं. म्हणून मला बाबांना व्हॅलेटातच न्यायचंय.

चिपळूणचा_बाळ्या
शरण. कुलपं काढण्याचं लिहिलंस तिथेच हरलो. आमच्या घराला दहा महिने कुलूप असतं.

जाझप्रेमी_माधव
उशिरा आलो. ज्यांना धार्मिक उत्सवात रस नसेल त्यांच्यासाठी: जुलैच्या मध्यावर जाझ महोत्सव असतो, ता लिएस इथे, तटबंदीच्या पायथ्याशी. मंच पाण्याला लागून, मागे बंदराचे दिवे, वर किल्ल्याची भिंत. आवाज दगडावर आपटून परत येतो आणि मधेच एखादी बोट भोंगा वाजवून जाते. वादक हसून तो सूर उचलतात. नुसतं त्यासाठी मी दोनदा गेलो.

आणि जून-जुलैत कला महोत्सव. वेशीच्या आत शिरलात की उजवीकडे मोडके खांब दिसतात, ते जुनं ऑपेरा हाउस. १९४२ च्या एप्रिलमध्ये बॉम्बने पडलं. वर्षानुवर्षं तिथे गाड्या लावायचे. २०१३ ला तिथे उघडं नाट्यगृह झालं, भिंती पुन्हा बांधल्या नाहीत, अवशेष तसेच ठेवून मध्ये खुर्च्या. वास्तुरचनाकार रेन्झो पियानो यांचं काम. बऱ्याच माल्टीज लोकांना ते आवडलं नाही, त्यांना छप्पर हवं होतं. मला मात्र चांदण्यात, त्या तुटक्या खांबांमध्ये गाणं ऐकताना वाटलं की हेच बरं.

पणजीकर_बाय
माधव, छप्पर हवं म्हणणाऱ्यांची बाजूही घ्या. जे पडलं ते जसंच्या तसं परत मिळावं असं वाटणारच ना. माझ्या आजोळचं घर पडलं, तिथे आता सुंदर बाग आहे. बाग बघून सगळे वा म्हणतात. मला घर हवं होतं.

जाझप्रेमी_माधव
बाय, हे मी विचारातच घेतलं नव्हतं. खरंय.

डॉ_सुलेखा
आईंच्या बीपीबद्दल: गोळ्यांची वेळ भारतातल्या वेळेप्रमाणे चालू ठेवायची की तिथल्या, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. उन्हाळ्यात माल्टाचा फरक साडेतीन तासांचाच आहे, बदल सोपा असतो. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, अशा वेळी ऊन आणि घाम यांनी चक्कर येऊ शकते. पाण्याची बाटली हातात, आणि उभं राहून मिरवणूक बघायची नाही. खुर्ची हवीच. कानात कापूस चालेल, फार्मसीत मिळणारी कानातली बोंडं त्याहून चांगली.

मिऱ्याची_लेक
सगळ्यांचे आभार. शेंगेन व्हिसा आज हातात आला. ऑगस्टच ठरलं. भाऊ अजून फुरंगटलेला आहे. परत येऊन सांगते.

*(दोन महिन्यांनंतर)*

मिऱ्याची_लेक
धागा वर काढतेय. आई-बाबा सुखरूप रत्नागिरीत पोचले. सांगायचं कबूल केलं होतं, म्हणून सविस्तर.

पहिले चार दिवस उन्हाने खरंच हाल झाले. आई खिडकीजवळ ओला पंचा टांगून बसायची. भावाचा फोन आला की आम्ही दोघी एका सुरात 'छान हवा आहे' म्हणायचो.

सेंट डॉमिनिकच्या संध्याकाळी लिफ्टने वर गेलो, सपाट रस्त्याने मर्चंट्स स्ट्रीट गाठली, मग हळूहळू उतारावर. मैत्रिणीच्या आजीचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि उभा. बाबांना चढवेना. तेवढ्यात तळमजल्यावरच्या शेजारीण बाईंनी आतून दोन खुर्च्या आणल्या आणि आपल्या दारात, उंबऱ्याबाहेर मांडल्या. काही विचारलं नाही, कुठले, कोण. आईला हाताने बसवलं. आईने कानात बोंडं घातली होती, ती बघून बाईंनी स्वतःचे कान दाखवले. त्यांच्याही कानात कापूस! साठ वर्षं ह्या रस्त्यावर राहतात आणि त्यांनाही बार सोसत नाही. दोघी इतक्या हसल्या की बाबा मागे वळून बघायला लागले.

त्या चर्चची मावली 'सुखरूप बंदराची'. पोर्तो साल्व्हो. दर्यावर जाणारे तिला नवस बोलत. मी हे आईला सांगितलं, तर तिने पर्समधून कुंकवाची डबी काढली. मग थांबली, परत ठेवली, आणि मूर्ती समोर आली तेव्हा नुसते हात जोडले.

खांदेकरी आमच्या दारासमोरच थांबले. टोकाला बेचकं असलेल्या काठ्या त्यांनी खाली टेकवल्या, त्यावर मूर्तीच्या दांड्या ठेवल्या आणि घाम पुसला. बाबा उठून उभे राहिले. मला म्हणाले, "आपल्याकडेही अशीच टेकवतात." एका खांदेकऱ्याच्या खांद्यावर वळ उठला होता, लाल, चार बोटं रुंद. बाबांनी आपल्या उजव्या खांद्यावर हात ठेवून त्याला खूण केली. त्याला लगेच कळलं. त्याने बाबांच्या खांद्यावर थापटलं आणि काठी उचलली.

मागून बँड आला. पोरांच्या ट्रंपेटला छोटे कागद अडकवलेले, त्यावर स्वरलिपी. एका बारक्या मुलाच्या कागदाला कपडे वाळत घालायचा निळा चिमटा होता. बाबांनी पूर्ण वेळ त्या पोरावर नजर ठेवली आणि मांडीवर ठेका धरला. तो एकदा चुकला तेव्हा बाबांनी "हं" केलं.

दर्यावर्दी काका, बंदरापलीकडच्या बिर्गूचा सेंट लॉरेन्सचा फेस्टा १० ऑगस्टचा, त्याचं दारूकाम आदल्या रात्री आम्ही अप्पर बराक्कातून बघितलं. मध्ये सगळं बंदर. हलकल्लोळ_नको यांचं ऐकून लांब राहिलो ते किती बरं झालं. आधी उजेड, मग मोजून दोन-एक सेकंदांनी आवाज. आई म्हणाली, "आता येणार हे कळतं, मग भीती नाही वाटत." तुम्ही तोफेबद्दल नेमकं हेच लिहिलं होतं. दर फुलाला ती "एक, दोन" मोजायची, आणि आवाज आला की मान हलवायची. पाण्यावर रंग पसरलेले. शेवटच्या भडक्यात तिने कानातली बोंडं काढून टाकली.

१५ ला बागेत जाऊन बाबांना ओहायोची गोष्ट सांगितली. त्यांनी बंदराच्या तोंडाकडे बोट करून विचारलं, "इथूनच आली?" मग बराच वेळ तिथेच बसले.

दर्यावर्दी६२
लेकी, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बाबांना माझा नमस्कार सांग.

हलकल्लोळ_नको
शेजारीण बाईंच्या कानातला कापूस! मला वाटत होतं त्या बेटावर मी एकटीच. तुमच्या आईंना आणि त्यांना दोघींना माझ्याकडून मिठी.

वसईचा_आगुस्तीन
उंबऱ्याबाहेर खुर्च्या मांडल्या, म्हणजे सण पावला. आमच्याकडेही तेच.

मॉरिशसची_माई
कुंकवाची डबी परत ठेवली ते वाचून माझी आजी आठवली. ती मात्र ठेवत नसे, सगळ्या देवांना लावत असे.

निवांत_नीता
भाऊ काय म्हणाला?

मिऱ्याची_लेक
बाबांनी त्याला ट्रंपेटवाल्या पोराचा व्हिडिओ दहा वेळा दाखवला. आता तो विचारतोय, पुढच्या वर्षी जुलैतला कार्मेलच्या मावलीचा फेस्टा किती तारखेला. १६ जुलैचा सण, व्हॅलेटातच, त्या मोठ्या घुमटाच्या चर्चचा. त्याला सांगितलंय, स्वेटर आणू नकोस.

शाकाहारी_शेवंता
आमची सहल पुढे ढकलली, आता ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. फेस्टा मिळेल का?

मिऱ्याची_लेक
शेवंता, फेस्टांचा हंगाम सप्टेंबरअखेर आटोपतो. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका शनिवारी व्हॅलेटात नोत्ते बियांका असते, त्या रात्री संग्रहालयं, जुने वाडे, चौक सगळं उशिरापर्यंत उघडं आणि रस्त्यारस्त्यात गाणं. तारीख जाहीर झाली की इथेच लिहिते. वाटाण्याची पास्तित्सी कुठून घ्यायची तेही कळवते, आणि बराक्का लिफ्ट विसरू नका.